कन्सोल ड्रायव्हरमधल्या दोन-चार ओळींच्या सफाईच्या पॅचमध्ये रिव्ह्यू करताना नक्की काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत नवीन नोकरीला लागलात, लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कन्सोल ड्रायव्हरवरचे (पडद्यावर मजकूर उमटवणाऱ्या कोडवरचे) सफाईचे पॅच (कोडमधले छोटे बदल) तपासायला दिलेत, आणि प्रत्येकावर ‘वर्तनात बदल नाही’ असा शेरा असल्यामुळे आपण तपासायचं काय तेच कळत नाही.

तोच शेरा तपासायचा. तो पाठवणाऱ्याचा दावा आहे, आणि तो खरा आहे का हे स्वतः पडताळणं हेच तुमचं काम. कोड देखणा झाला की नाही ते मागाहून.

मी महापेला मशिनच्या कंट्रोल पॅनलवर काम करतो. रबाळे-तुर्भ्याकडच्या कारखान्यात पॅनल अडलं की तिथला टेक्निशियन लॉग काढत बसत नाही, स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. काळ्या पडद्यावरच्या शेवटच्या काही ओळी, एवढाच आमच्या हाती पुरावा. दुसरा कुठलाही ड्रायव्हर बिघडला तर त्याची बोंब कन्सोलवर उमटते. कन्सोलच बिघडला तर बोंब उमटायची कुठे? म्हणून इथल्या दोन ओळींच्या पॅचलाही मी पूर्ण वेळ देतो.

या कामातली मुख्य फाइल व्हीटी डॉट सी. तिच्या माथ्यावर अजून लिनस टोरवाल्ड्स यांचा १९९१-९२ चा कॉपीराइट आहे. इतक्या जुन्या कोडात आवरण्यासारखं भरपूर सापडतं, आणि नवीन माणसाला हात घालायचा मोह होतोच.

एक उदाहरण नीट बघू. कर्सर हलवणारं गोटूएक्सवाय नावाचं फंक्शन आहे. त्याला नवा स्तंभ आणि नवी ओळ मिळते, दोन्ही साधे इंट, म्हणजे ऋणही असू शकणारे पूर्णांक. आत आधी स्तंभ तपासतात: शून्याहून कमी असेल तर शून्य धर, पडद्याबाहेर जात असेल तर शेवटचा धर. आता समजा पॅच आला, ‘स्तंभ कधी ऋण नसतो, म्हणून इंटचं अनसाइन्ड इंट केलं.’ अनसाइन्ड इंट म्हणजे ऋण न होणारा पूर्णांक, त्यामुळे वाचताना पटतं. पण कर्सर डावीकडे न्यायचा एस्केप क्रम (पडद्याला हुकूम देणारी अक्षरांची मालिका) आला की कॉल करणारा कोड सध्याच्या स्तंभातून मागितलेला आकडा सरळ वजा करतो. कर्सरचा स्तंभ १० (मोजणी शून्यापासून) आणि मागणी २०० ची असेल तर आत पोचतात उणे १९०. इंट असताना त्याचं शून्य होतं. अनसाइन्ड केल्यावर तीच किंमत ४२९ कोटींच्या घरात जाते, दुसरी अट लागू होते, आणि डावीकडे निघालेला कर्सर उजव्या कडेला जाऊन बसतो. क्रॅश होत नाही. नेहमीच्या बिल्डमध्ये कंपायलरही गप्प राहतो. आणि ती वजाबाकी पॅचमध्ये कुठेच दिसत नाही, ती कॉल करणाऱ्या ओळीत आहे. म्हणून टाइप बदलणारा पॅच असेल तर ते फंक्शन जिथून जिथून बोलावलं जातं त्या सगळ्या जागा उघडून वाचा.

पडदा पुसणाऱ्या कोडात ‘२ गुणिले काउंट’ दिसेल. तो २ उगाच नाही. काउंट पडद्यावरच्या घरांत मोजलेला असतो, खालचं फंक्शन मात्र बाइट मागतं, आणि प्रत्येक घराला दोन बाइट लागतात: एक अक्षराचा, एक रंगाचा. ८० बाय २५ चा पडदा म्हणजे २००० घरं, ४००० बाइट. त्या २ ला नाव दिलं तर स्वागत, काढला तर अर्धाच पडदा पुसला जाईल.

नुसतं नाव बदललं, कंस काढले, टिप्पणी सुधारली अशा पॅचला वाद घालायची गरजच नाही. आधीचा आणि नंतरचा कोड बिल्ड करा, दोन्ही ऑब्जेक्ट फाइलींचा ऑब्जडंप (मशिन कोडची वाचता येईल अशी यादी) काढा, डिफ लावून दोन्ही ताडून बघा. काहीच फरक आला नाही तर विषय संपला. कोड वरखाली सरकला असेल तर वॉर्निंगमध्ये साठवलेले ओळ-क्रमांक बदलतात, तेवढे सोडून द्यायचे.

चालवून बघताना एक फसगत हमखास होते. बरेच जण क्यूईएमयू (मशिनची नक्कल करणारा प्रोग्राम) नोग्राफिक, म्हणजे खिडकीशिवायच्या, पर्यायाने सुरू करतात आणि कन्सोल सीरियल पोर्टवर घेतात. कर्नल बूट होतो, सगळं हिरवं दिसतं, आणि बदललेल्या ओळीची खरी परीक्षा झालेलीच नसते, कारण सीरियलचा रस्ता या फाइलमधून जातच नाही. ग्राफिक खिडकी उघडा, टीटीवाय१ वर, म्हणजे पहिल्या कन्सोलवर, एस्केप क्रम पाठवा, आणि रूट म्हणून व्हीसीएसए१ ही त्याच पडद्याची डिव्हाइस फाइल वाचा. तिचे पहिले चार बाइट म्हणजे एकूण ओळी, एकूण स्तंभ, कर्सरचा स्तंभ, कर्सरची ओळ. वरच्या उदाहरणात तिसरा बाइट शून्यच आला पाहिजे. डोळ्यांनी कर्सर शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

एकाच पॅचमध्ये नाव, टाइप आणि अटींची मांडणी असं सगळं कालवलेलं असेल तर फोडून मागा. पुढे बायसेक्ट करताना (बिघाड कुठल्या पॅचने आणला ते अर्धे-अर्धे करत शोधताना) बोट नेमकं कुठे ठेवायचं ते त्यामुळेच कळतं. मागताना नीट शब्दांत मागा, अनेकदा तो त्या माणसाचा पहिला पॅच असतो. आणि सफाई करताना खरी चूक सापडली तर तिची दुरुस्ती वेगळ्या पॅचमध्ये, सफाईच्या आधी. २०२० मध्ये सॉफ्ट स्क्रोलबॅकचा कोड कर्नलमधून काढला तेव्हा फ्रेमबफर कन्सोलवर शिफ्ट-पेजअपने मागच्या ओळी बघायची सोय गेली, पण ती सोय काढतोय हे उघड सांगून काढली. मला तसंच हवं असतं.

उत्तरात ‘छान आहे’ लिहून थांबू नका. काय तपासलं ते लिहा: ‘एक्स८६ वर ऑब्जडंप सारखा आला, एआरएमवर बघितलं नाही.’ रिव्ह्यूड-बाय, म्हणजे ‘मी तपासलं’ अशी नावानिशी ओळ, देणं म्हणजे हमी देणं नव्हे, तरी पुढचा माणूस तुमच्या त्या ओळीवर विसंबतो.

कन्सोल लॉकच्या (एका वेळी एकालाच कन्सोल वापरू देणाऱ्या कुलपाच्या) ओळी वरखाली करणारा पॅच ‘सफाई’ म्हणून आला तर मात्र एकट्याने पास करू नका. प्रिंटके, म्हणजे कर्नलचं संदेश छापणारं फंक्शन, इंटरप्टमधूनही बोलावलं जातं, तिथे झोपून, म्हणजे लॉकची वाट बघत थांबून, चालत नाही, आणि ही चूक तुमच्या टेबलवर दिसेलच असं नाही. टीममधल्या जुन्या कुणाला तरी शेजारी बसवा आणि लॉक कोण घेतं, कोण सोडतं, हे कागदावर काढून मगच सही करा.