सलाईनचा हात दुखतो तेव्हा

प्रश्न : वॉर्डात आईचा सलाईनचा हात ठणकू लागला. थेंब नीट पडत होते, तरी सिस्टरांनी सुई काढून दुसऱ्या हाताला लावली. पुन्हा टोचणं गरजेचं होतं का?

उत्तर : होतं. थेंब पडतात म्हणजे सलाईन शिरेतच जातंय असं नाही. सुईच्या जागी शिरेत बसवलेली बारीक नळी शिरेबाहेर सरकली तर द्रव कातडीखाली साठतो, तरी काही वेळ थेंब पडतच राहतात. म्हणून तक्रार येताच सिस्टर आधी रोलर (थेंबांचा वेग कमी-जास्त करायचं छोटं चाक) बंद करतात आणि दोन्ही हात शेजारी ठेवून पाहतात. जागा गार, फुगलेली, ताणलेली असेल तर द्रव बाहेर गेलाय. लाल, गरम आणि दोरीसारखी कडक शीर लागली तर शिरेला सूज आहे. दोन्हींत नळी काढावीच लागते. मग कोरडा कापूस २-३ मिनिटं दाबून धरायचा, चोळायचा नाही, आणि हात उशीवर उंच ठेवायचा.

स्वतः नळी ओढू नका. केमोथेरपीसारखं औषध चालू असेल तर बाहेर गेलेलं औषध आधी त्याच नळीतून ओढून घ्यायचा प्रयत्न करतात. रोलरही फिरवू नका, थेंबांचा वेग हिशोबानं ठरवलेला असतो. सलाईनच्या बाटलीला लावलेला नळीचा सेट २० थेंबांना १ मिली असा असेल, तर ५०० मिली ४ तासांत द्यायला मिनिटाला साधारण ४२ थेंब लागतात. घाईनं सोडलं तर हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला धाप लागू शकते.

एक मात्र आपण होऊन सांगाच : डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशननं धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असेल तर तो कोणत्या हाताला आहे. त्या हाताला सलाईन लावत नाहीत.