युगांडातला मिशनचा रविवार किती धावपळीचा असतो? दोन आठवड्यांच्या दौऱ्यात एवढं सगळं झेपेल का?

जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की मंडळीच्या गटाबरोबर दोन आठवडे युगांडाला जाताय आणि मधल्या रविवारी दोन ठिकाणी संदेश, मुलांचे दोन कार्यक्रम आणि संध्याकाळची प्रार्थनासभा ठरली आहे.

झेपेल. पण माझं ऐकाल तर त्यातलं निम्मं आजच काढून टाका. मी 2018 मध्ये अशाच गटातून गेलो होतो, जिंजा शहराच्या पलीकडे, बुसोगा भागात. आमचाही रविवार असाच ठासून भरलेला होता. त्यातलं जे मनात राहिलं, ते बहुतेक कागदावर नव्हतंच.

आधी वेळेचं सांगतो, कारण आमची पहिली गडबड तिथेच झाली. तिथल्या चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, उपासना ‘सावा न्या’ला, म्हणजे चौथ्या तासाला, असं कळवलं होतं. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन, म्हणून चौथा तास म्हणजे आपले दहा. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य वर्षभर जवळपास त्याच वेळी उगवतो आणि हा हिशेब बारा महिने चालतो. आपल्याकडच्या जुन्या घटका-प्रहरांसारखंच आहे हे. कुणी वेळ सांगितली की ‘कुठल्या घड्याळानं?’ एवढं विचारून घ्या.

उपासना दहाला सुरू झाली ती दीडपर्यंत चालली. एकामागून एक तीन गायकगट, साक्षी, पाहुण्यांची ओळख, मग संदेश. ‘मुकामा येबाझिबवे’ म्हणजे प्रभूची स्तुती असो. ते कुणी म्हटलं की सगळी मंडळी ‘आमीना’ म्हणते. एवढं पाठ करून जा, लोकांचे चेहरे खुलतात.

संदेशाबद्दल कळकळीनं सांगतो. मी चाळीस मिनिटांचा लिहून नेला होता. प्रत्येक वाक्य दुभाष्या परत बोलणार, म्हणजे त्याचे ऐंशी झाले असते. शनिवारी रात्री आमचे दुभाषे, गावातल्या प्राथमिक शाळेचे शिक्षक, माझ्याबरोबर बसले आणि म्हणाले, यातलं एकच ठेवा. मी यशयाच्या अकराव्या अध्यायातला इशायाचा बुंधा ठेवला, तोडलेल्या झाडाला फुटणारा धुमारा. काकिराचा साखर कारखाना तिथून जवळ, मंडळीतले निम्मे लोक कारखान्याला ऊस घालणारे. मी राहुरी तालुक्यातला, ऊस बघतच वाढलो. म्हणून सांगितलं, ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि त्यातून खोडवा फुटतो, तसा हा धुमारा. पुढे दुभाष्यांना फार कष्ट पडले नाहीत. मागच्या बाकावरचे शेतकरी एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागले. वीस मिनिटांत संदेश संपला आणि मला तो पुरेसा वाटला.

संदेशानंतर अर्पण, आणि अर्पणानंतर लिलाव. ज्यांच्याकडे रोख पैसे नसतात ते अंडी, फणस, केळ्यांचा घड, ऊस, कोंबडी असं काहीही आणतात. मग ते दारासमोर लिलावात विकून पैसे मंडळीला देतात. आमच्याकडे हंगामाच्या सणाला हेच होतं. तिथे मी ते दर रविवारी होताना पाहिलं. मला डोळ्यांत पाणी आलं, कारण आमच्या आजीची भोपळ्याची टोपली आठवली. तुम्हीही बोली लावा. पण पैशाच्या जोरावर प्रत्येक वस्तू घेत सुटू नका, गावच्या माणसालाही त्याची कोंबडी जिंकू द्या. कुणी विकत घेऊन ती तुम्हालाच भेट दिली, तर दोन्ही हातांनी घ्या.

बुसोगात आणि शेजारच्या बुगांडा भागात बायका नमस्कार करताना गुडघे टेकतात. माझ्या आजीच्या वयाची बाई माझ्यासमोर मातीत गुडघे टेकून बसली आणि मी तिला उठवायला धावलो. पाळकांनी हळूच थांबवलं. तिला उठवणं म्हणजे तिचा नमस्कार अर्ध्यावर तोडणं. खाली बसा, तिची विचारपूस पूर्ण होऊ द्या, तुमचीही करा. तेव्हापासून मी प्रत्येकासमोर बसूनच बोललो.

एक चूक सांगतो, ती तुम्ही करू नका. आम्ही साठ पेन्सिली नेल्या होत्या आणि मुलं दीडशेच्या वर निघाली. वाटप सुरू होताच मोठी मुलं पुढे घुसली, लहान मुलं ढकलली गेली, एक मुलगी पडून रडायला लागली. ते अजून खुपतं. जे न्याल ते शाळेच्या शिक्षकांकडे द्या. कुणाला, कधी द्यायचं ते त्यांना कळतं.

आणि कृपा करून असं समजून जाऊ नका की आपण तिथे सुवार्ता घेऊन चाललोय. याच बुसोगात 1885 साली इंग्रज मिशनरी बिशप हॅनिंग्टन मारले गेले. लुगांडा भाषेत संपूर्ण बायबल 1896 मध्ये आलं. त्यानंतर दूरदूरच्या भागांत वचन पोचवणाऱ्यांत युगांडाचेच लोक पुढे होते. त्यांच्यातले अपोलो किवेबुलाया तर पश्चिमेकडचा टोरो भाग ओलांडून काँगोपर्यंत गेले आणि तिथेच 1933 मध्ये वारले. मराठी नवा करार 1811 चा, आणि आपणही कुणीतरी आणून दिलेलंच वचन वाचत वाढलो. तिथे आपण पाहुणे आहोत, भाऊ-बहीण म्हणून.

जेवण पाळकांच्या घरी. उकडलेली रताळी, भात, शेंगदाण्याचा दाट रस्सा, कोंबडी. थोडं का होईना, सगळं खा. पाणी मात्र उकळलेलं किंवा बाटलीतलं. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घेऊन ते कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा, परत येताना भारतातही बघतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा.

दुपारी तीनला जोराचा पाऊस आला, पलीकडच्या गावचा रस्ता चिखलानं बंद झाला आणि मुलांचा दुसरा कार्यक्रम रद्द करावा लागला. गटातले काही जण हिरमुसले. पाऊस थांबल्यावर पाळक म्हणाले, चला, जवळ एक म्हातारे आजारी आहेत, त्यांच्याकडे जाऊ.

आजोबा अंगणात चटईवर बसले होते. मला बघून म्हणाले, ‘मुयिंडी’, म्हणजे भारतीय. 1972 मध्ये ईदी अमीननं आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला, त्याआधी गावात एका भारतीयाचं ‘दूका’ होतं. हा शब्द आपल्याच दुकानाचा. आजोबा लहानपणापासून तिथे मीठ आणि रॉकेल आणायला जायचे. भारतीय माणूस त्यांनी कायम गल्ल्यामागेच पाहिला होता, अंगणात बसलेला हा पहिलाच. त्यांनी विचारलं, तुमच्या देशातही प्रभूला मानणारे आहेत का? मी माझ्या गावाबद्दल, अमेरिकन मराठी मिशनबद्दल, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांबद्दल आणि आमच्या ख्रिस्ती कीर्तनाबद्दल सांगत बसलो. दुभाषे सर तेही सगळं सावकाश सांगत होते.

निघताना मी इंग्रजीत प्रार्थना सुरू केली. आजोबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, तुझ्या आईच्या भाषेत कर. मी मराठीत केली. शब्द कुणालाच कळले नाहीत, दुभाष्यांनाही नाही. शेवटी मी ‘आमेन’ म्हटलं आणि अख्खं अंगण ‘आमीना’ म्हणालं. तास-दीड तास आम्ही तिथे होतो. पाऊस आला नसता तर त्या वेळी मी पलीकडच्या गावात मुलांना खेळ शिकवत असतो.