ईलिंगला उघडलं, स्लाउला अडलं

प्रश्न : मी मूळची नाशिकची, लंडनमध्ये एमएससी करते. महिन्यापूर्वी एका रविवारी मैत्रिणीबरोबर लंडनमधल्या ईलिंग ब्रॉडवेहून पश्चिमेला स्लाउला रेल्वेनं गेले. ऑयस्टर, म्हणजे लंडनच्या प्रवासाचं आधी पैसे भरायचं कार्ड, लावून आत शिरले, कार्डात २३ पौंड होते. स्लाउला मैत्रिणीनं बँकेचं कार्ड लावलं आणि ती बाहेर पडली. माझ्या कार्डाला मात्र लाल दिवा. ऑयस्टर इथं चालत नाही, असं इन्स्पेक्टर म्हणाले. मी जागेवर पैसे देते म्हटलं, ते त्यांनी घेतले नाहीत. काहीतरी वाचून दाखवलं, प्रश्न विचारले आणि वहीत सही घेतली. त्यात ‘आय शुड हॅव बॉट अ तिकीट’ असं माझं वाक्य आहे. आता रेल्वे कंपनीचं पत्र आलंय : खटला भरण्याचा विचार आहे, १४ दिवसांत म्हणणं मांडा. ऑयस्टरमधून मॅक्झिमम फेअर (बाहेर पडल्याची नोंद नसली की कापलं जाणारं सर्वाधिक भाडं) तर कापलं गेलंच आहे. माफीचं पत्र लिहून टाकू का? व्हिसाचं काय होईल? घरी अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : माफीचं पत्र आज लिहू नका. लिहायचं आहेच, पण आधी पुढचं वाचा.

तुमच्या गोंधळाचं मूळ असं आहे. एकाच गेटवर एकाच पिवळ्या रीडरला लावली जाणारी ही दोन कार्डं आतून अगदी वेगळी आहेत. ऑयस्टर २००३ चं. त्याची शिल्लक आणि भाड्याचा हिशेब कार्ड आणि रीडर यांच्यातच, जागच्या जागी होतो. बँकेचं कार्ड फक्त ‘मी इथं होतो’ एवढंच सांगतं आणि हिशेब नंतर मागच्या संगणकावर होतो. त्यामुळे २०२० च्या जानेवारीत बँक कार्डाची सोय स्लाउच्याही पुढे रेडिंगपर्यंत गेली, ऑयस्टर मात्र अलीकडच्या वेस्ट ड्रेटन स्टेशनलाच थांबलं. आयव्हर, लँगली, स्लाउ आणि पुढची स्टेशनं त्याच्या हद्दीबाहेर. हेच ऑयस्टर दक्षिणेला थेट गॅटविक विमानतळापर्यंत चालतं! गाडी तीच, डबा तोच, आणि वेस्ट ड्रेटन सुटलं की तुम्ही विनातिकीट. ईलिंगच्या गेटनं तुम्हाला आत सोडलं, कारण तुम्ही कुठं उतरणार हे त्याला कळायचा मार्गच नाही. गेट उघडणं म्हणजे पुढच्या साऱ्या प्रवासाची परवानगी नव्हे.

आपल्याकडे लोकलमध्ये टीसीनं पकडलं तर दंड भरायचा, पावती घ्यायची, विषय संपला. इथंही तशी सोय आहे. तिला पेनल्टी फेअर म्हणतात : १०० पौंड, २१ दिवसांत भरले तर ५०. पण ते आकारायचं की खटल्यासाठी कंपनीकडे अहवाल पाठवायचा, हे इन्स्पेक्टरच्या मर्जीवर. तुमच्या बाबतीत अहवाल गेला. पैसे देऊ केले होते, ही गोष्ट तुमच्या बाजूनं आहे, ती पत्रात लिहा.

आता कायदा. कंपनीच्या हातात दोन हत्यारं आहेत.

पहिलं रेल्वेचे बायलॉ, म्हणजे रेल्वेचे स्वतःचे नियम, १७ आणि १८ क्रमांकाचे. वैध तिकिटाशिवाय गाडीत किंवा तिकीट-हद्दीत असलात की गुन्हा झाला, हेतू कोणी विचारत नाही. तिकीट काढायची सोयच नव्हती, किंवा अधिकाऱ्यानं जाऊ दिलं होतं, असे मोजके बचाव आहेत आणि ते तुम्हाला लागू दिसत नाहीत. दंड १,००० पौंडांपर्यंत.

दुसरं, रेग्युलेशन ऑफ रेल्वेज ॲक्ट, १८८९. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा कायदा अजून रोज वापरला जातो. त्याच्या कलम ५ मध्ये तुमच्यासारख्या प्रवासासाठी नेमकी तरतूद आहे : ठरावीक अंतराचं भाडं देऊन, जाणूनबुजून, भाडं चुकवण्याच्या हेतूनं पुढं जाणं. दंड तितकाच, पण तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आणि हा शिक्का बायलॉच्या शिक्क्यापेक्षा जड. इथं मात्र कंपनीला तुमच्या मनातलं सिद्ध करावं लागतं.

म्हणून तुमच्या पत्रातला प्रत्येक शब्द या ‘जाणूनबुजून’भोवती फिरणार आहे. आणि नेमकी इथंच आपली मुलं घसरतात. मोठ्या माणसासमोर चूक कबूल केली की तो विरघळतो, हे आपल्या अंगात मुरलेलं. मग ‘आय ॲम सॉरी फॉर इव्हेडिंग द फेअर’ असं लिहून मोकळे होतात. इव्हेड म्हणजे चुकवणं. तुम्ही न केलेला गुन्हा स्वतःच्या सहीनं कबूल केला की मग वकील तरी काय करणार? खेद जरूर व्यक्त करा, पण जे घडलं त्याबद्दल : ‘ऑयस्टर स्लाउपर्यंत चालत नाही हे मला माहीत नव्हतं, मी आधी खात्री करून घेतली नाही, याचा खेद आहे.’

दुसरं घातक वाक्य, ‘पुढचे पैसे उतरल्यावर दिले असते.’ आपल्याला ते प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. पण १९७८ च्या एका निकालात वरच्या न्यायालयानं म्हटलंय की भाडं कायमचं बुडवण्याचा इरादा लागत नाही; आपलं तिकीट पुरत नाही हे ठाऊक असून निघालात, तर नंतर देईन म्हणणं हा बचाव नाही. त्या प्रवाशानं उतरल्यावर नाव-पत्ता लिहून चिठ्ठीही दिली होती! तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच लिहा. अर्थात ते खरं असेल तरच.

हे ‘खरं असेल तर’ मी उगाच म्हणत नाही. त्या दिवशीचं मैत्रिणीशी झालेलं व्हॉट्सॲप बोलणं उघडून बघा. ‘ऑयस्टर नको, बँकेचं कार्ड आण’ असं तिनं आधी लिहिलेलं सापडलं, तर पत्र पाठवू नका, सरळ वकिलाला भेटा. तसंच, यापूर्वी ऑयस्टरवर वेस्ट ड्रेटनच्या पलीकडे कधी गेला होतात का? कार्डाचा इतिहास कंपनी तपासू शकते. ईलिंगला टच इन (आत शिरताना कार्ड लावलेलं) आणि पुढे टच आउटच (बाहेर पडताना लावलेलं) नाही, असे पाच-सहा रविवार ओळीनं निघाले तर ‘माहीत नव्हतं’ कोणाच्या गळी उतरणार? ऑयस्टरच्या खात्यात फक्त मागच्या आठ आठवड्यांच्या नोंदी दिसतात. तुमचे चार गेलेत. आजच उतरवून ठेवा.

ईलिंग ब्रॉडवेच्या गेटपाशी आणि फलाटावर ऑयस्टरच्या हद्दीबद्दल काय लिहिलंय, त्याचे फोटो काढा. विरोधात जाणारी ठळक पाटी दिसली तरी काढा. समोरचा ती दाखवणारच आहे, मग आपल्याला आधी ठाऊक असलेली बरी.

वहीतल्या त्या वाक्यानं तुमची झोप उडालेली दिसते. ‘शुड हॅव’ म्हणजे ‘घ्यायला हवं होतं’. हे चूक कळल्यावर सुचलेलं शहाणपण आहे, त्यातून निघताना ठाऊक होतं असं सिद्ध होत नाही. वाचून दाखवलं ते कॉशन होतं, म्हणजे गप्प राहण्याचा हक्क आहे आणि बोललेलं पुरावा ठरू शकतं, ही ताकीद. म्हणून त्या वाक्याकडे दुर्लक्ष करू नका. पत्रात एका ओळीत लिहा : लाल दिवा लागल्यावर आणि नियम समजल्यावर मी हे म्हणाले. खरं नाव-पत्ता दिलात, हे फार चांगलं केलंत.

मॅक्झिमम फेअर कापलं गेलं म्हणून हिशेब मिटला, असं नाही. ती अपुऱ्या नोंदीची आकारणी आहे, स्लाउचं भाडं नव्हे. मात्र कार्ड लावलं होतं आणि शिल्लक पुरेशी होती, हे त्यातून दिसतं. आणि कुणी सल्ला देईल की ॲपमध्ये ‘वेस्ट ड्रेटनला उतरले’ असं टाकून रिफंड घे. चुकूनही नको. आज तुमच्यावर हेतूचा निव्वळ संशय आहे. खोटा दावा केलात तर तो फसवणुकीच्या कायद्यात जाईल आणि हेतूचा पुरावा तुम्हीच हातात दिलेला असेल.

पत्राच्या शेवटी राहिलेलं भाडं आणि कंपनीचा वाजवी खर्च भरून प्रकरण न्यायालयाबाहेर मिटवण्याची तयारी दाखवा. असा समझोता हा तुमचा हक्क नाही, कंपनी नाही म्हणू शकते. पण पहिल्याच वेळेला, पुराव्यासह, मुद्द्याचं पत्र गेलं तर विचार होतो. एक पान पुरे. आईचं आजारपण, शिक्षणाचं कर्ज वगैरे दोन ओळींच्या वर नको.

व्हिसा. समझोता किंवा पेनल्टी फेअर म्हणजे दोषसिद्धी नव्हे. दोषसिद्धी झाली तर मात्र पुढच्या अर्जात ती सांगावी लागते. एरवी दंडाची शिक्षा वर्षभरानं ‘जुनी’ धरली जाते, म्हणजे सांगावी लागत नाही, पण ती सवलत व्हिसाच्या अर्जाला नाही. एका दंडानं अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. लपवलेलं उघड झालं तर ते त्या दंडापेक्षा कितीतरी महागात पडतं.

समझोता नाकारून कंपनीनं खटला भरलाच, तर तो घटनेपासून सहा महिन्यांच्या आत भरावा लागतो. घरी ‘सिंगल जस्टिस प्रोसीजर’ची नोटीस येऊ शकते. त्यात एकच न्यायाधीश कागदांवरून निर्णय देतो आणि उत्तराला २१ दिवस असतात. नोटिशीत कोणता कायदा लिहिलाय ते आधी बघा. १८८९ च्या कायद्याखालचे खटले कंपन्यांनी या झटपट वाटेनं चालवले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्य दंडाधिकारी पॉल गोल्डस्प्रिंग यांनी ते रद्दबातल ठरवले, कारण त्या कायद्यासाठी ही वाट खुलीच नव्हती. अशी सुमारे ७४,००० प्रकरणं होती. तेव्हा नोटीस आली तर कबुलीचा रकाना भरण्याआधी विद्यापीठाच्या सल्ला केंद्रात किंवा वकिलाकडे जा.

घरी सांगायचं की नाही, हा कायद्याचा प्रश्न नाही. तो तुम्हीच ठरवा. पत्र मात्र ईमेलबरोबर पोस्टानंही पाठवा, पोचपावती जपून ठेवा. १४ दिवस पत्रावरच्या तारखेपासून धरून चाला, तुम्ही पाकीट उघडलं त्या दिवसापासून नव्हे.