वेताळाच्या वहाणा आणि चार्ली ब्राऊनचा चेंडू

बाय, तुझा प्रश्न असा: मैत्रिणी तुला चिडवतात की तीन-चार चौकटींच्या चित्रांत जगण्याचा अर्थ कुठला असायला, तुम्ही चाहतेच तो बाहेरून आणून आत कोंबता. हे खरं का, आणि खरं नसेल तर वाचायला सुरुवात कुठून करायची? मी गोव्यात फोंड्याला राहते आणि पन्नास वर्षांहून जास्त काळ अशा चित्रपट्ट्या, म्हणजे स्ट्रिप, वाचत आलेय. उत्तर लांबणार, चहा घेऊन बस.

माझं मत आधीच सांगते. अर्थ आहे. पण कुठलीही एक स्ट्रिप कापून समोर धरलीस आणि दाखव कुठे आहे म्हणालीस, तर मला दाखवता येणार नाही. तीच माणसं दुसऱ्या दिवशी परत येतात, तिसऱ्या दिवशी परत येतात, त्या येण्यात तो साठत जातो.

'कॅल्विन अँड हॉब्ज'मधली एक स्ट्रिप बहुतेक चाहत्यांना पाठ असते. कॅल्विन हा लहान पोरगा, हॉब्ज हा त्याचा वाघ. कॅल्विन विचारतो, आपण इथे का आहोत? हॉब्ज सांगतो, चालत आलो म्हणून. इथे म्हणजे पृथ्वीवर रे! तर, पृथ्वीवर जगता येतं म्हणून. बरं, मुळात आपण आहोतच का? जन्माला आलो म्हणून. कॅल्विन वैतागतो, वाघ मात्र मजेत. या दोघांची नावं सोळाव्या शतकातला धर्मचिंतक जॉन कॅल्विन आणि सतराव्या शतकातला तत्त्ववेत्ता टॉमस हॉब्ज यांच्यावरून ठेवलेली. हे कळलं की लोकांना वाटतं, बघा, सापडलं तत्त्वज्ञान. मला त्या स्ट्रिपमध्ये दुसरंच काही आवडतं. एवढा मोठा प्रश्न अडला तरी दोघांची दोस्ती अडत नाही. दुसऱ्या दिवशी पोरगा आणि वाघ पुन्हा झाडीत हुंदडायला तयार.

आता चेंडूकडे येते, कारण माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात मोठं काम तिथे झालंय.

चार्ल्स शुल्झ या अमेरिकन चित्रकाराची 'पीनट्स' ही लहान मुलांच्या घोळक्याची स्ट्रिप २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली, सात वर्तमानपत्रांत. हे नाव त्यांना कधीच आवडलं नाही, ते वितरण करणाऱ्या कंपनीनं लादलेलं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं या माणसानं हाताखाली कुणी न घेता एकट्यानं चित्रं काढली, मजकूर लिहिला, फुग्यांतली अक्षरंसुद्धा स्वतः काढली. एकूण स्ट्रिप १७,८९७. या ढिगात एक खेळ वर्षानुवर्षं येत राहतो. लूसी फुटबॉल जमिनीवर उभा धरते, चार्ली ब्राऊन लांबून धावत येतो, लाथ मारणार तेवढ्यात ती चेंडू उचलते, आणि हा हवेत उडून पाठीवर आपटतो. १९५१ मध्ये पहिल्यांदा चेंडू उचलला तो व्हायोलेट नावाच्या दुसऱ्या मुलीनं. १९५२ पासून ते काम लूसीकडे आलं आणि कायमचं तिचं झालं.

पहिल्यांदा वाचताना हसू येतं. दहाव्यांदा राग येतो, की अरे, हा शहाणा कधी होणार? विसाव्यांदा, निदान माझं तरी असं झालं, की मी लूसीकडे बघणं सोडलं आणि त्याच्या धावण्याकडे बघायला लागले. लूसी दर वेळी नवं कारण शोधते आणि तो दर वेळी त्याच्यावर विश्वास ठेवतो. पडतो हे खरं, पण पडून राहत नाही. पुढच्या वर्षी तोच शर्ट, तीच नागमोडी पट्टी, तेच मैदान. त्याचा बेसबॉलचा संघही असाच हरत राहिला, आणि ३० मार्च १९९३ रोजी त्यानं एकदाचा सामना जिंकून देणारा फटका मारला. सुरुवातीपासून वाचणाऱ्यांनी त्यासाठी बेचाळीस वर्षं थांबायचं. कादंबरीत हे कसं जमणार? तिथे शेवटच्या पानापर्यंत काही ना काही निकाल लावावा लागतो.

चेंडूची शेवटची स्ट्रिप २४ ऑक्टोबर १९९९ ची. लूसीला जेवायला हाक येते, म्हणून ती चेंडू धरायला धाकट्या भावाला, रीरनला, बसवून घरात जाते. नंतर विचारते, काय झालं, तू उचललास की त्यानं मारला? रीरन म्हणतो, तुला ते कधीच कळणार नाही. आपल्यालाही कळत नाही. ती चौकट शुल्झनी काढलीच नाही. त्यानंतर काही आठवड्यांत आजारपणामुळे त्यांनी निवृत्ती जाहीर केली, आणि त्या पोराला चेंडू कधी मारताच आला नाही हे एका मुलाखतीत सांगताना त्यांचे डोळे भरून आले. १२ फेब्रुवारी २००० ला रात्री ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी रविवारच्या अंकात त्यांची शेवटची स्ट्रिप छापून आली. मी आजही हे लिहिताना थोडी थांबले.

आमच्याकडे दोन पावसाळ्यांपूर्वी एक खेळ रंगला होता. आम्ही सात-आठ स्ट्रिपवेडे बलकांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, बसलो होतो, वीज गेलेली, बाहेर जुलैचा पाऊस. कुणीतरी काढलं, की एकेकानं एकेक पात्र घ्यायचं आणि 'आपण जन्माला का आलो' याचं उत्तर त्या पात्राच्या तोंडून द्यायचं. गारफील्ड या खादाड बोक्याचं पात्र घेतलेल्यानं एका शब्दात उरकलं: जेवायला. चिंटूवाली म्हणाली, जोशीकाकूंच्या घरात चेंडू गेलाय तो आणायला. लायनसवाला म्हणाला, भोपळ्याच्या शेतात वाट बघायला. 'पीनट्स'मधला लायनस दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री शेतात बसून महाभोपळ्याची वाट बघतो, महाभोपळा कधी येत नाही, आणि लायनसची श्रद्धा काही ढळत नाही. माफाल्डावाल्या मुलीनं उत्तर दिलंच नाही, उलट प्रश्न केला: आधी पृथ्वीला बरं वाटतंय का ते बघूया? किनो या अर्जेंटिनाच्या चित्रकाराची ही चिमुरडी १९६४ ते १९७३ एवढाच काळ छापली गेली. आजारी माणसाची करावी तशी ती पृथ्वीच्या गोलाची सेवा करते. मला ते उत्तर फार आवडलं.

माझ्याकडे वेताळ आला.

तुझ्या वयाच्या मुलांना वेताळ म्हणजे फक्त देव. आमच्या पिढीला दोन वेताळ होते. ली फॉक यांचा फँटम १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत स्ट्रिप म्हणून सुरू झाला. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघायला लागली आणि मराठीत त्याचं नाव झालं वेताळ. कवटीची गुहा, कवटीची अंगठी, हीरो नावाचा घोडा, डेव्हिल नावाचा लांडगा. जंगलातल्या लोकांना वाटतं हा चारशे वर्षं जिवंत आहे, याला मरण नाही. खरी गोष्ट अशी, की बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, तीच शपथ घेतो आणि तसाच फिरायला लागतो. आपण वाचतो तो एकविसावा.

हे मी त्या रात्री सगळ्यांना सांगत होते तेव्हा माझी मावशी आत वाती वळत बसली होती. तिनं जन्मात कॉमिक उघडलेलं नाही. ती आतूनच म्हणाली, "आमचो वेताळ रातीं भोंवता, तेच्यो व्हाणो झरतात."

तुला माहीत असेलच, आमोण्याला, पैंगीणला, आपल्याकडे कितीतरी गावांत वेताळाचं देऊळ आहे. तो गावचा राखणारा. रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वहाणा वाहतात. मी लहानपणापासून हे ऐकत आले होते, पण फँटमशी कधी जोडलं नव्हतं. मराठीत ते नाव ज्या कुणी निवडलं त्याच्या मनात काय होतं ते असो, आमच्या बलकांवात त्या क्षणी दोन्ही वेताळ एक झाले. एक जण कवटीच्या गुहेतून रोज निघतो, दुसरा देवळातून. दोघांनाही कुणी विचारत नाही की तुझ्या फिरण्याचा अर्थ काय. वहाणा झिजल्यात का तेवढं बघायचं, झिजल्या असतील तर नव्या द्यायच्या. मी माझं उत्तर तिथेच दिलं: जन्माला आलो ते फेरी मारायला.

आता यावर तुझी मैत्रीण म्हणेल, मग न संपणारी कुठलीही गोष्ट अर्थपूर्ण म्हणायची काय? रास्त शंका आहे. बिल वॉटरसन यांच्याकडे तिचं उत्तर सापडतं. त्यांनी 'कॅल्विन अँड हॉब्ज' १८ नोव्हेंबर १९८५ ला सुरू केली आणि ३१ डिसेंबर १९९५ ला, ऐन लोकप्रियतेत, स्वतःच थांबवली. मधल्या दोन रजा सोडल्या तर दहा वर्षांत ३,१६० स्ट्रिप. खेळणी, कप, टी-शर्ट यांवर कॅल्विनला छापू द्यायला ते ठाम नाही म्हणाले, कितीही पैसा समोर असला तरी. त्यांना वाटायचं, हॉब्जची कापडी बाहुली दुकानात विकायला आली की तो खरा वाघ की खेळणं हा प्रश्नच निकालात निघेल, आणि तो त्यांना उघडा ठेवायचा होता. शेवटच्या स्ट्रिपमध्ये नवं बर्फ पडलंय, सगळं पांढरं, आणि दोघं घसरगाडीवरून निघालेत. म्हणजे थांबवतानासुद्धा त्यांनी दोघांना कुठे पोचवलं नाही, निघतानाच सोडलं. मला शुल्झ जास्त जवळचे, पण वॉटरसनचं थांबणंही त्याच निष्ठेतून आलंय असं मला मनापासून वाटतं. रोज परत यायचं तर जीव ओतून यायचं, जीव उरला नाही तर येऊ नये.

आपल्या गोव्याचं उदाहरण हवं असेल तर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा. लोक त्यांना टाइलवर, कपावर बघतात आणि पुढे जातात, याची मला खंत आहे. त्यांचा जन्म १९२६ चा, दमणचा, वाढले गोव्यात, लोटली गावच्या घरात. लहानपणी भिंतींवर चित्रं काढायचे म्हणून आईनं कोरी वही आणून दिली. त्यातून चित्रांच्या डायऱ्यांची सवय लागली. १९४९, १९५० आणि १९५१ या सालांच्या त्यांच्या डायऱ्या पुस्तकरूपात आल्या आहेत, मिळाल्या तर सोडू नकोस. त्या स्ट्रिप म्हणून काढलेल्या नाहीत, पण आत घडतं तेच. पाद्री, शेजारी, मित्र, कुत्री, लग्नं, मिरवणुका, तीच माणसं रोज नव्यानं. १९७४ मध्ये अमेरिकेला गेले तेव्हा मारिओ शुल्झनाही भेटले होते. त्या खोलीत कोपऱ्यात बसायला मिळालं असतं तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

सुरुवात कुठून करायची ते सांगते. चिंटूपासून कर. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही स्ट्रिप १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या 'सकाळ'मध्ये सुरू झाली. आपल्या भाषेत विनोद कुठे श्वास घेतो ते तिथे कळतं, इंग्रजीतून आलेल्या स्ट्रिपमध्ये तो अंदाज यायला वेळ लागतो. पप्पू, मिनी, बगळ्या यांच्यात चार दिवस राहिलीस की मग 'पीनट्स' घे. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या स्ट्रिप वाचून मत बनवू नकोस, तेव्हा चेहरे आणि स्वभाव अजून घडत होते. साठच्या दशकातलं हाती धर. नंतर कॅल्विन.

आणि एक कळकळीची विनंती. एका बैठकीत दोनशे वाचू नकोस. मोबाइलवर अंगठ्यानं सरकवत गेलीस तर चार्ली ब्राऊन एका दुपारीत तीस वेळा पडेल आणि तुला तो फक्त मूर्ख वाटेल. या गोष्टी सकाळच्या वर्तमानपत्रासाठी बनल्यात. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला, पाव घेतला, पेपर उघडला, स्ट्रिप वाचली, दिवस सुरू. दोन पडण्यांच्या मधे तुझं स्वतःचं एक वर्ष जायला हवं, त्यात तूही कुठेतरी पडलेली असायला हवीस. एवढं जमणार नसेल तर निदान दिवसाला एकच वाच आणि पुस्तक मिट. वाचताना शेवटच्या चौकटीकडे धावू नकोस, तिच्या आधीच्या चौकटीवर थांब. शुल्झ पुष्कळदा तिथे कुणालाच बोलू देत नाहीत. दोघं भिंतीला हनुवट्या टेकून नुसती उभी असतात. त्या गप्प चौकटीत मी कित्येक संध्याकाळी घालवल्यात.

मैत्रिणींचं म्हणशील तर त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना आमचा खेळ खेळायला बसव. पात्र निवडायला सांग आणि प्रश्न टाक. अर्थबिर्थ काही नसतो म्हणणाऱ्यांतलीच एखादी सगळ्यात मनापासून उत्तर देईल, हे मी माझ्या बलकांवात पाहिलंय.

माझ्याकडे इंद्रजालचे दोन खोके आहेत, मराठी वेताळाचे. काही अंकांना वाळवी लागली, ते मी काढून टाकले, उरलेले सुती फडक्यात गुंडाळून ठेवलेत. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले की आपल्या हवेत आतल्या आत बुरशी धरते, हे पहिल्या खोक्यानं शिकवलं. पावसात खोके उघडत नाही. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली आणि दोन-चार दिवस चांगलं ऊन पडलं की अंक सावलीत वाऱ्याला पसरते. तेव्हा ये, मैत्रिणींनाही आण. दुमडून धरायचे नाहीत, बाकी कितीही वेळ वाचत बसा.