घानाला पहिल्यांदाच चाललोय, काय काळजी घ्यावी?

सगळ्यात आधी यलो फीवरची लस, आणि ती निदान १० दिवस आधी घ्या, कारण राजधानी अक्राला उतरल्यावर लस घेतल्याचं पिवळं कार्ड बघतात आणि परत येताना नसेल तर आपल्याकडे ६ दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही ती, ठराविक सरकारमान्य सेंटरवरच. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच सुरू करा, हे प्लीज टाळू नका. पैसे देताना-घेताना उजवाच हात, डावा पुढे केला की तिथे अपमान समजतात. ट्रोट्रोसाठी (तिथल्या शेअर मिनीबस) सुटे सेडी (तिथलं चलन) ठेवा. व्हेज असाल तर रेड रेड खाऊन बघाच, पाम तेलातली चवळी आणि सोबत तळलेली पिकलेली केळी, फक्त त्यात मासे घातलेत का ते आधी विचारा.