एलएलबीला ५६ टक्के असताना नामांकित ठिकाणी एलएलएम मिळेल का?

मिळू शकतं, पण सगळीकडे सारखं नाही. ऑक्सफर्डची बीसीएल (तिथली एलएलएमच्या तोडीची पदवी) आणि केंब्रिजचं एलएलएम गुणांच्या बाबतीत फार कडक. ५६ टक्क्यांवर तिथे खरंच अवघड आहे, उगाच आशा लावत नाही. अमेरिकेत मात्र बाकीच्या अर्जालाही चांगलं वजन असतं. हार्वर्ड दोन भागांत निबंध मागतं: एकात कायद्याचा एखादा प्रश्न घेऊन स्वतःचं म्हणणं मांडायचं, दुसऱ्यात एलएलएम कशासाठी ते सांगायचं. जीव ओतायचा तो पहिल्या भागात.

तुमच्या विद्यापीठात ६० टक्के म्हणजेच मोठी गोष्ट असेल, तर वर्गातला क्रमांक विद्यापीठाकडून लेखी घ्या. बाहेरच्या माणसाला ५६ चा अर्थ आपणहून कळत नाही. एखादं सत्र आजारपणात गेलं असेल तर दोन ओळीत सांगा, रडगाणं नको.

शिफारसपत्र मोठ्या नावाचं नको, तुमचं काम पाहिलेल्या माणसाचं हवं. ‘विद्यार्थी कष्टाळू व प्रामाणिक आहे’ याने काही होत नाही. ‘भाडेकरूच्या दाव्यात हिने काढलेला मुद्दा मी युक्तिवादात वापरला’ असं एक वाक्य असलं की वाचणारा थांबतो.

आणि भारतातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांना कमी लेखू नका. तिथल्या एलएलएमची प्रवेश परीक्षा म्हणजे क्लॅट पीजी. तिला खुल्या प्रवर्गासाठी एलएलबीला ५० टक्के पुरतात, वयाची अट नाही. पुढे सगळं १२० प्रश्नांच्या त्या दोन तासांवर. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, तेवढं सांभाळा. तुमच्या जागी मी आधी हीच परीक्षा दिली असती.