न्यू जर्सीतल्या जुन्या घरात हीट पंप (घर गरम-थंड करणारं विजेचं यंत्र) आणि नव्या खिडक्या बसवल्या. खर्चाचे 30 टक्के खरंच अमेरिकेच्या केंद्रीय आयकरातून वजा होतात का?

होतात, पण सरसकट 30 टक्के हे विकणाऱ्याच्या तोंडचं गणित. तुमचे हीट पंपाला 14,000 डॉलर, खिडक्यांच्या मालाला 5,000 आणि अ‍ॅटिकच्या (छताखालच्या माळ्याच्या) इन्सुलेशनला, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराला, 2,300 गेले, आणि काम ऑक्टोबर 2025 मध्ये उरकलं. वेळेत उरकलंत! जुलै 2025 च्या कायद्याने ही करसवलत (टॅक्स क्रेडिट) 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या वस्तूंना बंद केली. ज्यांनी डिसेंबरात पैसे भरले आणि पंप जानेवारीत बसला, त्यांना काही नाही.

हीट पंपाचे 30 टक्के 4,200 होतात, पण मर्यादा 2,000. त्यात मजुरीही धरतात. खिडक्यांना फक्त मालाची किंमत धरतात, आणि सवलत 600 च्या वर नाही. इन्सुलेशनलाही मजुरी चालत नाही. माझ्या कॉन्ट्रॅक्टरने 'अ‍ॅटिक, सर्व मिळून' अशी एका ओळीची पावती दिली होती. माल वेगळा, मजुरी वेगळी लिहून मिळेपर्यंत मी शेवटचा चेक दिला नाही. तुमच्या 2,300 मध्ये माल 1,400 चा असेल, तर त्याचे 420. खिडक्या-इन्सुलेशन मिळून वर्षाला 1,200 पर्यंतच, हीट पंप त्याबाहेर. म्हणजे एकूण 3,020. वीज कंपनीचा रिबेट (किमतीतली सूट) घेतला असेल तर तो आधी किमतीतून वजा करा.

'मला तर दरवर्षी रिफंड येतो, मग वजा कशातून होणार?' असं तुम्ही विचारलंय. वजा होतं ते वर्षाच्या एकूण करातून. समजा कर 9,000 आणि पगारातून कापले 9,500, रिफंड 500. क्रेडिटनंतर कर 5,980, आणि रिफंड 3,520. मात्र एकूण करच 1,500 असेल तर वरचे 1,520 बुडाले. सोलरचं उरलेलं क्रेडिट पुढच्या वर्षी नेता येतं, हे मात्र नेता येत नाही.

कर-विवरणासोबत फॉर्म 5695 भरायचा. 2025 पासून पंप आणि खिडक्यांच्या उत्पादकाचा कोडही द्यावा लागतो; तो उत्पादकाकडून मागून घ्या. आणि खिडक्यांवर नुसतं एनर्जी स्टार (ऊर्जा वाचवणाऱ्या वस्तूंचं सरकारी लेबल) पुरत नाही, त्यातलं 'मोस्ट एफिशियंट' लागतं. लेबलं अजून काचेवर असतील तर खरवडण्याआधी फोटो काढून ठेवा.